त्याच्या छातीवरचा कॅमेरा

“वर्दी अंगावरून उतरेपर्यंत नवऱ्याला काही विचारू नको,” मुल्ला भाभी म्हणाल्या. “आधी पाणी, मग ताट. तो बनियनवर येऊन बसला की काय विचारायचं ते विचार.”

आम्ही दोघी पोलीस लाईनच्या गच्चीवर माझ्या लेकीचे, जुईचे लंगोट वाळत घालत होतो. भाभींचे यजमान हवालदार होते. सव्वीस वर्षं त्या त्याच लाईनीत राहत होत्या.

“वर्दीत असताना विचारलं तर काय होतं?”

“वर्दीला विचारायची सवय असते गं. ऐकायची नसते.”

मी हसले. मी बी.कॉम. होते. हणमंतनं मला बघायला आल्यावर दोन तास गप्पा मारून होकार दिला होता. म्हटलं, “भाभी, तुमच्या वेळचं वेगळं होतं.”

“हो. आमच्या वेळी काठी लाकडाची होती,” त्या म्हणाल्या आणि चिमटा लावून खाली गेल्या.

तेव्हा मी त्याला ‘अहो’ म्हणायचे. लिहिताना आता ‘तो’च येतं, त्याला इलाज नाही.

हणमंत सातमोरी ठाण्यात शिपाई होता. नाकाबंदीवाल्यांना त्या वर्षी छातीवर लावायचे कॅमेरे मिळाले होते. साबणाच्या वडीएवढा काळा डबा. बटण सरकवलं की लाल ठिपका पेटायचा. ठाण्यात कॅमेरे आठ आणि चार्जिंगचा चालू प्लग एक, म्हणून सगळे ते घरी आणून मोबाईलच्या चार्जरला लावायचे. सकाळी ठाण्यातली ऑपरेटर, कॉन्स्टेबल लता, आठही डबे संगणकात रिकामे करून घ्यायची. नंबर आणि तारीख टाकायची, झालं. आत काय आहे ते कोणी बघायचं नाही. डबा भरतो आणि रिकामा होतो, एवढंच त्याचं काम, असा सगळ्यांचा समज होता.

मार्चमधली गोष्ट. दुपारचे पावणेदोन झाले होते. जुई नऊ महिन्यांची होती, नुकतीच झोपवली होती. तिचा पाळणा स्वयंपाकघरातच, खाटेशेजारी; लोखंडी, एका बाजूला कठडा आणि कठड्याला कडी. मी भाकरी तव्यावर टाकली आणि जिन्यात बूट वाजले. दार उघडलं तर त्याच्या उजव्या बाहीवर कोपरापर्यंत रक्त.

मला आधी वाटलं, त्याचंच आहे.

“अहो, काय लागलं? कुणाचं रक्त आहे हे?”

“टँकरवाल्याचं. पाणी दे.”

“टँकरवाल्याचं म्हणजे?”

“मोबाईल वर करून शूटिंग घेत होता भडवा. त्याच्याच टॉमीनं दिला कानामागं.”

टॉमी म्हणजे टायर खोलायचा लोखंडी दांडा. माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मी म्हटलं, “माणूस मेला तर?”

त्यानं पहिली चपराक मारली तेव्हा तव्यावरची भाकरी करपत होती, हे मला नीट आठवतं. कारण मी गालाला हात लावायच्या आधी गॅस बंद करायला वळले. मग त्यानं माझा अंबाडा धरला. पुढचं तुकड्यातुकड्यांत आहे. कडप्प्याच्या ओट्याची धार जवळ आली. तोंडात खारट चव आली. मग काहीच नाही.

डोळे उघडले ते जुईच्या रडण्यानं. हणमंत तिला घेऊन उभा होता. ती नेहमीसारखी रडत नव्हती, श्वास अडकल्यासारखी रडत होती.

“पाळण्याची कडी लावली नव्हतीस,” तो म्हणाला. “पडली पोरगी. आई आहेस का कोण आहेस तू?”

डॉक्टरांनी सांगितलं, डावी हासळी, गळ्याखालचं हाड, मोडली आहे. माझ्या भुवईला पाच टाके पडले. मी म्हटलं, भोवळ आली, ओट्यावर आपटले. जुईचा हात त्यांनी छातीशी बांधला आणि ती तीन आठवडे तशीच, एका हातानं, माझ्याकडे यायला बघत राहिली.

त्यानंतर मी वेगळीच बाई झाले. दिवसातून वीस वेळा ती कडी ओढून बघायचे. गॅसचं बटण, बादलीतलं पाणी, खिडकीची जाळी. जुई झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरायचे. बाहेर पेपरात छापून आलं होतं की टँकरचालक मल्लू बिराजदार यानं नाकाबंदीवरच्या पोलिसावर टॉमीनं हल्ला केला आणि पळताना टँकरवरून पडून जखमी झाला. मल्लू सरकारी दवाखान्यात होता, खाटेला बेडी घालून. बरा झाला की तुरुंगात जाणार होता. हे खोटं आहे हे मला ठाऊक होतं. पाच महिने मी ते कुणाला सांगितलं नाही. जिला स्वतःच्या पोरीच्या पाळण्याची कडी लावता येत नाही, तिनं दुसऱ्याकडे बोट दाखवायचं कशाच्या जोरावर, असंच मला वाटायचं.

ऑगस्टमध्ये हणमंत एक लिफाफा घेऊन आला. तेही दुपारीच.

“सही करायची आहे. ठाण्यात ये उद्या अकराला.”

“कशावर?”

“त्या टँकरवाल्याच्या बायकोनं माहितीच्या अधिकारात कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलंय. आम्ही नाही म्हणून कळवलं होतं. ती अपिलात गेली. वरच्या साहेबांनी शोधायला लावलं आणि सापडलं.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “मला वाटलं होतं नाक्यावरच बॅटरी संपली. संपली नव्हती. घरातलं पण आलंय त्यात.”

लिफाफ्यात माझ्या नावाची नोटीस होती. एकाच फाईलमध्ये त्रयस्थ व्यक्तीचं चित्रण असल्यानं ती देण्यास हरकत आहे का, ते दहा दिवसांत कळवावे. त्रयस्थ म्हणजे मी. माझ्या स्वयंपाकघरातली मी.

दुसऱ्या दिवशी जुईला कडेवर घेऊन गेले. साहेब मीटिंगमध्ये होते म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसले. शेजारी एक बाई होती, पस्तिशीची, मांडीवर कागदांची पिशवी, पायांत पुरुषाच्या चपला.

“कशासाठी आलाय?” तिनं विचारलं.

“सहीला.”

“मी पण कागदासाठीच. पाच महिने झाले. टँकरवाले बिराजदार, पेपरात आलंवतं बघा. त्यांची बायको मी, शांतव्वा.”

मी जुईचं टोपडं सारखं केलं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

“एका कानानं ऐकू येत न्हाई त्यास्नी. उभं ऱ्हायलं की तोल जातोय. टँकर तर गेलाच, पन पोलिसाला मारलं म्हून केसबी त्येंच्यावरच.” तिनं पिशवी थोपटली. “फिल्लम हाय म्हनं. पन त्यात कोन एक बाई हाय. तिनं नगं म्हटलं की मिळायची न्हाई. कोन रांड हाय कुनास ठाऊक. तिच्या एका सहीवर माझा नवरा आत जायचाय.”

जुई तिच्या बांगड्यांकडे झेपावली. शांतव्वानं तिला सहज उचलून घेतलं, चार पोरं वाढवलेल्या हातांनी. वर झुलवलं, खाली घेतलं, पुन्हा वर. मग थांबली.

“हिचा डावा हात असा आखडून का धरतीय?”

“हासळी मोडली होती. पाळण्यातून पडली.”

“रांगायला लागल्यावर?”

“हो.”

“रांगती पोर पाळण्यातनं पडली तर हातावर पडंल, न्हाईतर डोक्यावर,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “आसंल बाई. ज्याचं त्याला ठावं.”

आतून हाक आली. जुई तिच्या बांगड्या सोडेना. शांतव्वा म्हणाली, “जावा, हाय मी हितंच.”

ठाण्याचे प्रमुख तांबवे साहेब यांच्या खोलीत हणमंत भिंतीला टेकून उभा होता. साहेब खरोखर सभ्य माणूस, निदान दिसायला. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. समोर टाईप केलेला कागद सरकवला. ‘सदर चित्रणात माझ्या खासगी आयुष्याचा भाग असून ते उघड केल्यास माझ्या प्रतिष्ठेस बाधा येईल, सबब माझी हरकत आहे.’ खाली माझं नाव.

“वहिनी, नवराबायकोत होतं कधी कधी. ते चारचौघांत का जावं? तुमची सही झाली की विषय संपला.”

“रस्त्यावरचा भाग वेगळा काढून देता येत नाही का?”

“ती सोय आपल्याकडं नाही. द्यायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. आणि खरं सांगू का, रस्त्यावरच्या भागात काही दिसतच नाही. ह्यानं हात धरलाय कॅमेऱ्यावर.”

“आणि घरातल्या भागात?”

साहेबांनी खाली बघितलं. “ते आम्ही बघितलं नाही. दार उघडून तुम्ही समोर आलात तिथं मीच बंद करायला लावलं. आपल्या माणसाच्या घरची बाई. तेवढी रीत पाळतो आम्ही.”

मला कळलं की ह्या खोलीत त्या फाईलमध्ये काय आहे हे फक्त दोघांना माहीत आहे, आणि त्यातल्या एकीला अर्धंच.

“मला बघायचंय. सही करायच्या आधी.”

“काय गरज आहे?” हणमंत भिंतीपासून सुटला. “दिलंय ना लिहून? सही कर आणि चल.”

“अरे, बघू दे की,” साहेब म्हणाले. “त्यांचा हक्क आहे. बघितल्यावर तर लगेच करतील सही.” त्यांनी लताला बोलावलं. “वहिनींना लावून दे. आम्ही बाहेर थांबतो. चल रे.”

हणमंत हलला नाही. साहेबांनी त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं. बायकांचं आहे म्हणून दारही ओढून घेतलं.

लतानं फाईल लावली. सत्तेचाळीस मिनिटं.

सुरुवातीला नाका, ऊन, ट्रकच्या नंबरपाट्या. मग पाण्याचा टँकर. खाली उतरणारा बारीक माणूस, हातात मोबाईल. “साहेब, कागद दाखवले की. मारता कशाला, मी व्हिडिओ घेतोय.” मग पडद्यावर हणमंतचा तळवा आला आणि सगळं लालसर काळं झालं. आवाज मात्र येत राहिला. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. मी मोजले, मोजायची माझी सवयच झाली होती. एकोणीस. अकराव्यापर्यंत तो माणूस “साहेब, साहेब” म्हणत होता. बारावा आवाज लोखंडाचा आला आणि तो बोलायचा थांबला. सात अजून बाकी होते.

लता खुर्चीच्या कडेवर बसली होती. “ताई, पुढं लावू?”

“लाव.”

मोटारसायकल. लाईनीचा जिना. दार. आणि दारात मी. हिरवा गाऊन, हातात उलथनं. मी स्वतःला कधी तसं बघितलं नव्हतं, त्याच्या छातीच्या उंचीवरून, जरा खालून. माझा चेहरा काळजीनं भरला होता. त्याला लागलंय असं वाटून घाबरलेला चेहरा. मग मी विचारलं आणि त्यानं सांगितलं. टँकरवाल्याचं. त्याच्याच टॉमीनं. कानामागं. शब्द न् शब्द, पाण्यासारखा स्वच्छ.

चपराक. अंबाडा. माझं डोकं ओट्यावर एकदा आपटलेलं मला आठवत होतं. ते तीनदा होतं. मग मी फरशीवर, तोंड भिंतीकडे. त्याचा बूट माझ्या पाठीत, कमरेत, पुन्हा पाठीत. मी हलत नव्हते तरी.

आणि मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक छोटा हात आला.

जुई पाळण्यात नव्हती. भाकरी थापायच्या आवाजानं उठून कठडा धरून उभी राहिली असेल आणि हाका मारल्या असतील, तेव्हा मीच तिला उचलून खाली चटईवर सोडली होती. सोडली होती. दार वाजायच्या आधी. भाकरीच्या पिठाच्या हातांनी. ते बघताक्षणी मला आठवलं. ती रांगत माझ्याकडे येत होती. मध्ये त्याचे पाय होते. तिनं बुटाची नाडी धरली.

त्यानं पाय झटकला. तिनं सोडली नाही. पुन्हा झटकला. मग त्यानं पाय मागे घेतला.

तो आवाज मी लिहिणार नाही. ती खाटेच्या लोखंडी पायापर्यंत गेली.

चार सेकंद काहीच नव्हतं. मग तिनं श्वास घेतला. त्यानं तिला उचललं. “च् च्,” असं काहीतरी म्हणाला. तिला घेऊन तो पाळण्यापाशी गेला. पाळणा रिकामा, कठडा वर, कडी लावलेली. तो तिथे उभा राहिला. मग त्याचा हात पुढे आला, रक्त सुकलेल्या बाहीचा, आणि त्यानं सावकाश ती कडी काढून कठडा खाली पाडला.

मग तो माझ्याकडे वळला आणि माझे डोळे उघडत होते.

लतानं थांबवलं. तिच्या कपाळावर घाम होता. “ताई,” ती म्हणाली, “मी पण बघितलंय हे. कुणी विचारलं तर सांगेन.”

“ही फाईल पुसता येते का?”

“आज संध्याकाळपर्यंत तुमची हरकत आली तर पुसायला किती वेळ लागतो.”

“आणि हरकत नाही असं दिलं तर?”

“तोंडी दिलं तर दिलं नाहीच म्हणतील. आवकचा शिक्का बसला पाहिजे.”

पोलिसाच्या बायकोला एवढं कळतं. ठाण्यात माणूस हरवतो, पण शिक्का बसून नंबर पडलेला कागद हरवायला फार जणांच्या सह्या लागतात. मी साहेबांचा कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर लिहिलं: माझी हरकत नाही. चित्रण पूर्ण द्यावे, कोणताही भाग न वगळता. एक प्रत मलाही मिळावी. सही केली, तारीख घातली. लतानं मला मागच्या दारानं आवक खिडकीपाशी नेलं. कारकुनानं न वाचता शिक्का मारला, रजिस्टरात नंबर चढवला आणि पोच माझ्या हातात दिली. ती मी ब्लाऊजमध्ये ठेवली.

हणमंत व्हरांड्यातच होता. माझं तोंड बघून त्याला कळलं.

“सही केलीस?”

“केली.”

“कुठल्या कागदावर?”

मी जुईकडे चालायला लागले. त्यानं मागून माझी वेणी धरली आणि मी बाकाच्या कडेवर आपटले. व्हरांड्यात दहा-बारा माणसं होती, निम्मी वर्दीत. कुणी हललं नाही. त्यानं मला उलटी करून गळा धरला. “काय लिहिलंस? कुठाय कागद?” त्याचा दुसरा हात माझ्या ब्लाऊजशी. माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले आणि मी त्याच्या अंगठ्याला कडकडून चावले, हाड लागेपर्यंत. त्याचं रक्त माझ्या दातांत आलं. त्यानं मोकळ्या हातानं माझ्या तोंडावर ठोसा मारला, तरी मी सोडलं नाही.

मग काहीतरी जड त्याच्या डोक्यात बसलं. शांतव्वानं जुईला कडेवर ठेवूनच, एका हातानं, बाकाशेजारच्या स्टुलावरचा पाण्याचा स्टीलचा पिंप ओढून त्याच्यावर घातला होता. पिंप गडगडत पायऱ्यांवरून गेला. हणमंत गुडघ्यावर आला, कपाळ फुटून डोळ्यांत रक्त उतरलेला. तेव्हा कुठे साहेब दारात आले आणि दोन शिपायांनी त्याला धरलं. मला नाही, त्याला. मला वाटतं, इतक्या लोकांसमोर दुसरं काही करणं त्यांना सुचलं नाही.

शांतव्वा माझ्या शेजारी बसली. पदराच्या टोकानं माझं तोंड पुसायला लागली. पुसता पुसता थांबली.

“फिल्लममधली बाई,” ती म्हणाली. “तूच व्हय?”

“हो.”

तिनं जुईला माझ्या मांडीवर ठेवलं. “शिवी दिलीवती मी तुला.”

“ऐकली.”

“मागं घेती,” ती म्हणाली, आणि पुन्हा पुसायला लागली.

फाईल तिला बारा दिवसांनी मिळाली. ती कोर्टात गेली, तिथून वकिलांच्या मोबाईलवर, तिथून सगळीकडे. मल्लूवरची केस उभी राहिली नाही. त्याचा कान परत आला नाही. मला मात्र अख्ख्या तालुक्यानं हिरव्या गाऊनमध्ये मार खाताना बघितलं. चहाच्या टपरीवर दोन पोरं तो व्हिडिओ बघत होती आणि मी शेजारी दूध घेत होते, असंही झालं. एकानं मान वर केली, मला ओळखलं, आणि मोबाईल पालथा ठेवला. माझे वडील म्हणाले, हरकत घ्यायची होतीस, पोरीचं तरी बघायचं होतंस. मी म्हटलं, पोरीचंच बघितलं. ते त्यांना अजून पटलेलं नाही.

जुई आता सात वर्षांची आहे. सायकल चालवते, झाडावर चढते. तिनं तो व्हिडिओ बघितलेला नाही. एक दिवस बघेल. तेव्हा मी शेजारी बसणार आहे.

हणमंत निलंबित झाला, मग त्याच्यावरचा खटला रेंगाळत असताना कामावर परत आला. त्याची बदली सोनवडीला झाली. आमचा घटस्फोट झाला आणि गेल्या वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं. त्या मुलीच्या घरच्यांना मी पत्र पाठवलं, ते न फोडता परत आलं. फोन केला तर मुलीच्या भावानं उचलला आणि सोडलेली बाई दुसरं काय बोलणार, म्हणाला. तिला मूल झालंय असं लता सांगत होती. मला तिथे जाता येत नाही, कोर्टाचा तसा हुकूम त्यानं आणलाय.

तुमच्यापैकी कुणी सोनवडीत राहत असेल, तर पोलीस लाईनीच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून डावीकडचं दार. तिचं नाव प्राजक्ता आहे. माझं नाव काढू नका. जनगणनेचं सांगा, गॅसच्या कार्डाचं सांगा, काहीही सांगा, पण दुपारी एकच्या सुमाराला जा. ती पाणी देईल, चहा विचारेल. नको म्हणू नका. बाळाला मांडीवर मागून घ्या आणि तिच्याशी बोलत राहा. तो दोनला जेवायला येतो. तो आला की लगेच उठू नका.